लायसनवरची रिकामी जागा

शेषरावांच्या मोबाइलमध्ये एक यादी होती, आणि त्या यादीच्या पहिल्या ओळीवर त्यांच्या भावजयीच्या घरातली बंदूक होती. भावजयीचं नाव आशाबाई. धाकटा भाऊ दयाराम, त्याची बायको. आता त्याची विधवा. यादी तिला तोंडपाठ होती. त्या यादीपायी आपला नवरा गेला असं ती धरून चालली होती, आणि ते काही खोटं नव्हतं.

यादी किराण्याची नव्हे. जुन्या बंदुकांच्या शौकिनांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. नागपूरचे, इंदूरचे, हैदराबादचे लोक त्यात होते आणि बुलढाणा जिल्ह्यातून एकटे शेषराव. दसऱ्याला शस्त्रपूजा आटोपली की प्रत्येकानं आपली विशलिस्ट ग्रुपवर टाकायची, अशी त्यांची पद्धत. कुणाला वेस्टली रिचर्ड्सची दुनळी हवी, कुणाला हॉलंडची डबल रायफल हवी, कुणाचं तर नुसत्या कातडी पेटीवर भागत होतं, फक्त ती मूळची पाहिजे. मुली पाहणाऱ्यांनी 'गोरी, शिकलेली, घरकामाची आवड असलेली' लिहावं तसं हे लोक लिहीत: 'लाकूड न घासलेलं, नळ्यांचा मूळ रंग शाबूत, पॉलिश केलेली नको.' शेषरावांच्या यादीत पाचसहा नावं असत आणि ती बदलतही. पहिली ओळ मात्र कधी बदलली नाही. 'जोडीतली एक नंबर. दोन नंबर माझ्याकडे आहे.'

जोडीची गोष्ट अशी. विलायतेत साहेब लोक पाखरं मारायला निघत, तेव्हा एकाच कारागिराकडून अगदी सारख्या दोन बंदुका करून घेत. एक साहेबाच्या हातात, दुसरी मागं उभ्या असलेल्या नोकराच्या हातात, भरून तयार. दोन्ही इतक्या सारख्या की ओळखायला नळीच्या पाठीवर सोन्याच्या तारेनं एक आणि दोन असे आकडे बसवलेले. अशी एक जोडी शेषरावांच्या आजोबांनी कुण्या परत चाललेल्या साहेबाकडून घेतली होती. आजोबांची एक रिग्बी रायफलही होती, लांब नळीची, जिच्या लाकडावर त्यांच्या गालाचा डाग पडला होता.

भाऊ वेगळे झाले तेव्हा मोठ्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही घराण्याची रीत पाळली गेली. शेषरावांनी एका वाट्यात एक बंदूक ठेवली, दुसऱ्यात दुसरी. दयारामनं हाताशी होता तो वाटा उचलला आणि एक नंबर त्याच्याकडे गेली. रायफल मोठा म्हणून शेषरावांना राहिली. तेव्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. पुढं शेषराव त्या ग्रुपमध्ये शिरले आणि तिथल्या शहाण्यांनी त्यांना समजावलं की जोडीतली एकटी बंदूक म्हणजे अर्धवट वस्तू, ती कुणाला दाखवायचीसुद्धा लाज वाटावी. झालं. त्या दिवसापासून शेषरावांचं अन्न गोड लागेना.

दयाराम मात्र द्यायला तयार नव्हता. त्याला बंदुकीचा शौक नव्हता. मक्यात डुकरं शिरली की तो हवेत एक बार काढायचा, एवढाच त्याचा नि तिचा संबंध. पण वाटणी झाली ती झाली, आता पुन्हा सोडायची नाही, असं त्याचं म्हणणं. भाऊ चिडला की तो हसायचा आणि म्हणायचा, "दादा, तुम्ही दोन नंबर मले द्या ना, जोडी झाली की झाली!" शेषरावांना ते हसणं लागायचं.

मग तो दिवस आला. दयाराम दुपारनंतर मिरचीच्या वाफ्यात खाली बसला आणि छाती धरून म्हणाला की जीव घाबरा होऊन राह्यला. अंगाला दरदरून घाम. आशाबाईनं त्याला कडुनिंबाखाली बाजेवर टाकलं, शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्याला जवळ बसवलं आणि लेकीला, काजलला, घेऊन ती नाला ओलांडून गावात धावली. जवळपास चारचाकी होती ती एकट्या शेषरावांकडे.

गाडी अंगणातच उभी होती. पांढरी, धुतलेली. तिच्या बॉनेटवर हिरवं मखमली कापड अंथरलेलं, आणि त्या मखमलीवर दोन नंबरची दुनळी आणि आजोबांची रायफल शेजारी शेजारी निजवलेल्या. नागपूरचे शेखर म्हणून त्या ग्रुपातलेच एक पाहुणे आले होते, ते वाकून वाकून फोटो काढत होते. कलत्या उन्हात लाकडाच्या रेषा फोटोत उठून दिसतात म्हणे.

आता एक सांगायला हवं. या घरांतून धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. समोर आला तर पदर पुढं ओढते, बाजूला होते, आणि सांगायचं असेल ते दुसऱ्याच्या तोंडून सांगते. आशाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून शेषरावांशी एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशीही ती फाटकाशी पदर धरून उभी राहिली आणि काजल आत गेली.

"मोठे बाबा, गाडी काढा. बाबाच्या छातीत दुखून राह्यलं."

"आलोच बाई," शेषराव म्हणाले, मान न वळवता. "दोन फोटो होऊ दे. ऊन जाऊन राह्यलं. तवर त्याले लिंबूपाणी द्या, पित्त असंल."

"मोठे बाबा, घाम येऊन राह्यला त्याईले!"

"अवं, हत्यारं आहेत ही! अशी उचलून फेकता येतात काय? कापड आहे, पेट्या आहेत. थांब जराशी."

शेखरपाहुणे कॅमेऱ्यातून डोळा काढून म्हणाले, जायचं असेल तर आपण नंतर बघू. "नाही नाही, होऊ द्या," शेषराव म्हणाले. "पुन्हा असं ऊन भेटत नाही."

आशाबाई फाटकाशी हे सगळं ऐकत होती. तिच्या तोंडाशी किंकाळी आली होती आणि तिनं ती पदरासकट दाबली. ही एक गोष्ट तिला पुढं रात्रंदिवस जाळत राहिली. शेवटी तिनंच मागं फिरून रस्त्यावर एक टोमॅटोचा टेम्पो अडवला आणि मळ्यात नेऊन नवऱ्याला त्यात घातलं. लोणारच्या रस्त्यानं, बीबी गाव मागं टाकल्यावर, क्रेटच्या मधल्या फटीत, दयारामनं बायकोच्या मांडीवर मान टाकली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं घड्याळाकडे पाहिलं आणि थोडं आधी आणायला हवं होतं, एवढंच म्हणाला.

माणूस गेला तो गेला. पण दहाव्याला जे झालं ते ऐका.

नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आले, बाभळीवर बसले, माना वाकड्या करकरून पाहिलं, पण एकही खाली उतरेना. मग जो तो पुढं येऊन हात जोडू लागला. काजलच्या शिक्षणाचं पाहू. मळा विकणार नाही. आशाबाईला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. तेवढ्यात शेषराव पुढं झाले, डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणाले, "दयाराम, बंदुकीत तुहा जीव अडकला असंल त काळजी करू नको. मी सांभाळतो. जोडी एकाजागी ठेवतो." आणि काय सांगावं, एक कावळा फडफडत खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला!

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बायकांनी पदरानं डोळे टिपले. गावात त्या दिवसापासून ठरूनच गेलं की दयारामची इच्छा होती बंदूक भावाला जावी, खुद्द कावळ्यानं साक्ष दिली. कावळ्याला ऊन लागलं होतं आणि भूक लागली होती, एवढंच. पण हे कोण बोलणार? आशाबाई तर बोलूच शकत नव्हती, भासरा समोर होता. ती पदराआडून त्या मेल्या कावळ्याकडे आणि जिवंत शेषरावांकडे पाहत राहिली, आणि तिथंच तिनं डूख धरला. याच्या जिवाला जे सर्वांत प्रिय आहे, ते याच्या डोळ्यांदेखत याला मिळू द्यायचं नाही. नुसतं न देऊन भागणार नाही. हातात आलं आलं असं वाटून ते जायला हवं.

मालक वारला की त्याची बंदूक ठाण्यात जमा होते. एक नंबरही जमा झाली, नि आशाबाईच्या हाती नुसती पावती राहिली. वारसानं अर्ज केला आणि तपासणी पार पडली की लायसन वारसाच्या नावावर होतं, मग हत्यार परत मिळतं. कुणाला द्यायचं असेल तर पुढचं पुढं. शेषराव तेरावा उलटायची वाट पाहत होते. तो उलटला आणि त्यांनी आपल्या बायकोला, रुक्मिणीबाईंना, मळ्यात धाडलं.

रुक्मिणीबाई ही थोरली जाऊ. दोन घरांमधला निरोप्या म्हणजे तीच. बाईचा एक गुण होता: निरोप जसाच्या तसा पोचवायची, पदरचं मीठ घालायची नाही.

"आशा, हे इच्यारून राह्यले," ती म्हणाली. "बंदुकीचं कसं करतं?"

आशाबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. तिनं हात थांबवला नाही. "त्याईच्या लायसनवर दोन हायेत ना, बाई? आता सरकारनं दोनाच्या वर ठेवू देणं बंद केलं म्हणतात. तिसरीले जागा कुठी आहे?"

ती एवढंच म्हणाली. देते असं म्हणाली नाही, देत नाही असंही नाही. तिनं फक्त एक सवाल केला. रुक्मिणीबाईंनी तो उचलला आणि नवऱ्यापुढं ठेवला. शेषरावांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बस. धाकट्या भावाची बायको भासऱ्याला तोंडावर हो थोडीच म्हणते! ती नाही म्हणाली नाही, जागेचं विचारते आहे, म्हणजे मनातून तयार आहे. वरून कावळ्याची साक्ष. त्यांच्या घरात आजवर बायकांच्या गप्प राहण्याचा असाच अर्थ लावत आले होते, आणि तो अर्थ नेहमी त्यांच्या सोयीचाच निघत आला होता.

जागा करायची म्हणजे दोनातली एक काढायची. दोन नंबर काढणं शक्यच नव्हतं, तिच्याचसाठी तर हा सगळा खटाटोप. म्हणजे रायफल. आजोबांची रिग्बी. तिसरी एक साधी बंदूक मागं कायदा बदलला तेव्हाच सोडावी लागली होती आणि तेव्हाही शेषराव आठवडाभर कुणाशी धड बोलले नव्हते. ही तर आजोबांची. लहानपणी ज्या रायफलला हात लावला म्हणून त्यांनी मार खाल्ला होता, तीच.

रुक्मिणीबाई अधूनमधून मळ्यात येऊन सांगत. "जेवत नाहीत व माय. रायफल काढतात, पुसतात, परत ठेवतात. काल म्हणे, आशाले पुन्हा एकडाव इच्यार."

"मी काय सांगू, बाई? कायदा आहे तो. मी थोडीच केला?"

"तू देशीन ना पण?"

आशाबाईनं मान खाली घातली आणि देठ खुडत राहिली. रुक्मिणीबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत बसल्या. त्यांना काही कळलं होतं का, देव जाणे. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "मी त्याईले सांगते, आशा काही बोलली नाही म्हणून." आणि खरोखर तसंच सांगितलं.

शेखरपाहुण्यांच्या विशलिस्टमध्ये रिग्बी कधीची होती. मागितलेलं असं आयतं चालून आल्यावर ते कशाला मागं सरतात! दोन्हीकडचे कागद झाले, परवानग्या आल्या आणि एका सकाळी ते येऊन रायफल घेऊन गेले. शेषरावांनी पेटीला फुलं वाहिली, मुलगी सासरी निघाल्यासारखे रडले आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं: 'जागा केली आहे. यंदाच्या दसऱ्याला जोडी दाखवतो.' त्यावर अंगठ्यांचा आणि हारतुऱ्यांचा पाऊस पडला. रुक्मिणीबाईंकडे गेली असताना काजलनं शेषरावांच्याच फोनवर ते पाहिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं. त्या रात्री आशाबाई गाढ झोपली. दयाराम गेल्यापासून पहिल्यांदा.

इकडं तिचा अर्ज चालू होता. अर्ज करते आहे हे तिनं लपवलं नाही, लपवायची गरजच नव्हती. शेषरावांना वाटलं, बरोबर आहे, आधी वारसाच्या नावावर, मग आपल्या. त्यांनी स्वतः ठाण्यात जाऊन शब्द टाकला. चौकशीला आलेल्या शिपायाला चहा पाजून सांगितलं की बाई साधी आहे, घरचीच आहे, काही अडवू नका. सरावाच्या दाखल्यासाठी तिला बुलढाण्याला जावं लागणार होतं तेव्हा गाडी पाठवतो म्हणून निरोप धाडला. आशाबाई एसटीनं गेली. त्या गाडीत ती या जन्मी बसणार नव्हती.

बुलढाण्याला शिकवणाऱ्यानं विचारलं, बाई, पहिल्यांदा हातात घेताय, भीती वाटते का? आशाबाई म्हणाली, बंदुकीची नाही वाटत. पहिला बार सुटला तेव्हा खांदा काळानिळा झाला आणि तिला तो दुखरेपणा बरा वाटला.

लायसन आलं. पीकसंरक्षणासाठी, आशा दयाराम अशा नावानं. भादव्यात तिनं ठाण्यात पावती दिली आणि एक नंबर घरी आणली. शेषरावांनी त्या दिवशी गावात पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. दसरा आला की आशा आपणहून आणून देईल, म्हणून ते वाट पाहत बसले. दिवाणखान्यात त्यांनी भिंतीला नवी काचेची पेटी बसवून घेतली, आत दोन खोबणी. दोन नंबर तिच्या खोबणीत, शेजारची खोबण मोकळी.

आणि एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, नाल्यापलीकडून बार ऐकू आला. पाठोपाठ दुसरा.

शेषराव चहा पीत होते. कप बशीत आपटला. हा आवाज त्यांनी ओळखला नसता तर नवल. त्यांच्या भिंतीवरच्या बंदुकीचाच तो आवाज, फक्त नाल्यापलीकडून आलेला. "कोण हाय बे?" ते अंगणात येऊन ओरडले. रस्त्यानं जाणारा एक जण म्हणाला, "आशावहिनी असतीन. डुकरं शिरली म्हणे मक्यात."

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई मळ्यात आल्या आणि दारातच थांबल्या. एक नंबर कांदाचाळीत खिळ्याला टांगली होती, दावं टांगावं तशी. खाली कांद्यांची रास, शेजारी फवारणीचा पंप. सोन्याच्या आकड्यावर बोटाचा चिखल वाळला होता.

"आशा," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "हे म्हणतात, वापरू नको. नळ्या खराब होतात. म्हणतात, त्या तेलानं पुसत जाय, ह्या कपड्यानं पुसत जाय." त्यांनी एक बाटली आणि एक मऊ कापड पुढं केलं.

"बाटली ठेवा, बाई. विहिरीच्या मोटारीले कामी पडंल."

मग निरोपांची रीघ लागली. आशाले म्हणा, देणार कवा? आशाले म्हणा, कावळ्यासमोर शब्द झाला. आशाले म्हणा, मळ्याचा बांध मागून राह्यली होती ना, घे म्हणा बांध. विहिरीचं पाणी घे. काजलच्या लग्नाचं मी पाहतो म्हणा. रुक्मिणीबाई प्रत्येक निरोप आणून आशाबाईपुढं ठेवत आणि दर वेळी तोच जबाब घेऊन जात: आशा काही बोलली नाही. आता मात्र त्या न बोलण्याचा अर्थ शेषरावांना नीट लागू लागला होता. संध्याकाळी नाल्यापलीकडून बार झाला की ते घास हातात धरून बसत. ग्रुपवर लोक विचारू लागले, साहेब, जोडी कुठं आहे? रायफल परत मागावी तर शेखरनं साफ सांगितलं, दिलेली वस्तू परत मागू नये. दसऱ्याला शेषरावांनी एकट्या दोन नंबरची पूजा केली आणि ग्रुपवर फोटो टाकलाच नाही.

आशाबाईला हे सगळं कळत होतं आणि तिचं पोट थंड होत होतं. पण पुरतं नाही. कुठंतरी थोडी आग राहतच होती, आणि ती का राहते हे तिला समजत नव्हतं.

दसऱ्यानंतर अवकाळी पाऊस झाला. नाला भरून वाहिला आणि मळ्याची वाट चिखलानं गुडघाभर झाली. एका कलत्या दुपारी आशाबाई चाळीत कांदे निवडत होती. काजल कॉलेजला गेलेली. नाल्याच्या बाजूनं कुणी येताना दिसलं. धोतर वर खोचलेलं, पायांत काही नाही, चिखलानं माखलेला माणूस. डोक्यावर दोन्ही हातांनी एक लांब कातडी पेटी धरलेली. जवळ आल्यावर तिनं ओळखलं. शेषराव. गाडीतून उतरताना पायाला धूळ लागू नये म्हणून आधी पाहून घेणारा माणूस.

तिचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला. तिनं पदर ओढला नाही.

शेषराव चाळीच्या तोंडाशी उभे राहिले. धाप लागली होती. त्यांनी आजूबाजूला रुक्मिणी किंवा काजल आहे का पाहिलं. मधे धरायला कुणी नव्हतं. मग त्यांनी पेटी कांद्याच्या पोत्यावर हळू ठेवली, उघडली आणि भिंतीकडे तोंड करून बोलू लागले.

"आशाले सांगा," ते भिंतीला म्हणाले, "दोन नंबर आणली. तिच्या लायसनवर एक जागा आहे. दोन्ही तिच्यापाशी राहू दे. मले काही नको. मी पाह्यलेबी येणार नाही. फक्त एकाजागी राहू दे त्या. हा कागद, मी सही केली." आणि ते रडायला लागले. खोटं नव्हतं ते रडणं, आशाबाईला दिसत होतं. म्हातारा माणूस बंदुकीसाठी लहान पोरासारखा रडत होता.

क्षणभर तिचं मन हललं. तिला वाटलं होतं हा येईल तेव्हा भांडेल, धमकी देईल, पंचायत बसवेल. हा तर सगळं सोडून द्यायला आला होता. ज्या वस्तूसाठी आयुष्यभर झुरला ती आपल्या हातानं दुसऱ्याच्या घरात ठेवायला, चिखल तुडवत. याला देता येतं तर! याच्या छातीत एवढं प्रेम होतं तर! आणि हे कळताच तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की इतक्या दिवसांचा सगळा राग त्यापुढं काहीच नव्हता. उरलेली आग कशाची ते तिला आत्ता समजलं.

ती उठली आणि त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. डोकं उघडं. आणि ती बोलली. त्यांच्याशी, त्यांच्या डोळ्यांत पाहून, आयुष्यात पहिल्यांदा.

"भिंतीशी काऊन बोलून राह्यले? मी इथं हाव."

शेषरावांचं रडणं थांबलं.

"बंदुकीसाठी गुडघाभर चिखल तुडवत आले तुमी," आशाबाई म्हणाली. "सख्ख्या भावासाठी खिशातली चाबी काढली नाही."

शेषरावांचे ओठ हलले. "मले वाटलं... पित्त असंल."

"वाटलं असंल. मीबी तवा फाटकापाशी उभी होती. तुमची रीत सांभाळत होती. रीत सांभाळली आन माणूस गेला." तिनं पेटी बंद केली, कडी लावली आणि उचलून त्यांच्या हातात दिली. "हे घेऊन जा. ही तुमच्या भिंतीवर राहील, ती माह्या खिळ्याले राहील. तुमी जिते असान तवर दोघी एकाजागी येणार नाहीत. मी मेली त काजलले सांगून मरीन."

"आशा, मी पाया पडतो..."

"पडू नका. पेटी खाली पडंल."

त्यांनी कागद मुठीत धरून पेटी डोक्यावर घेतली आणि ते वळले. आशाबाई चाळीच्या दारात उभी राहून पाहत होती. नाल्यात उतरताना त्यांचा पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात बसले. डोक्यावरची टोपी वाहून गेली, कोपर फुटलं, सही केलेला कागद पाण्यावर पसरला. पेटी मात्र त्यांनी दोन्ही हातांनी वर धरली होती. तिला एक थेंबही लागू दिला नाही. तसेच ते चाचपडत उठले आणि पलीकडच्या काठाला लागले.

ते पाहून आशाबाईच्या मनात उरलीसुरली दया होती तीही गेली. ती आत आली. खिळ्यावरून बंदूक काढली, दोन काडतुसं भरली आणि मक्याकडे निघाली. डुकरं यायची वेळ झाली होती.